सिॲटलचा नवा किनारा पायी कसा बघावा: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

सिॲटलला पाहुणे आले की बहुतेक घरांतला कार्यक्रम ठरलेला असतो. स्पेस नीडलचा मनोरा, पाइक प्लेस मार्केट, स्टारबक्सची रांग, आणि अंधार पडायच्या आत गाडी परतीच्या रस्त्याला. ज्या पाण्याच्या काठी हे शहर वसलं, त्या एलियट बेच्या कडेने फारसं कुणी चालत नाही. पूर्वी त्याला कारणही होतं. १९५३ पासून शहर आणि पाणी यांच्यामध्ये एक दुमजली उड्डाणपूल उभा होता. त्याखालून जायचं म्हणजे सावली, पार्किंग आणि डोक्यावर गाड्यांची अखंड घरघर. २००१ च्या भूकंपात या पुलाला इजा झाली. मग वाहतूक जमिनीखाली न्यायचं ठरलं, बोगदा खणणारं अवाढव्य यंत्र मध्येच दोन वर्षं अडकून पडलं, आणि अखेर जानेवारी २०१९ मध्ये पूल कायमचा बंद झाला आणि पाडला गेला. त्याच्या जागी आता सुमारे २० एकरांचं वॉटरफ्रंट पार्क आहे.

त्यामुळे पहिली सूचना हीच: किनाऱ्यासाठी २०२४ च्या आधीचे व्हिडिओ, फोटो किंवा छापील नकाशे वापरू नका. त्यांत दिसणारे जिने आता नाहीत, आणि आज ज्या वाटेने उतरायचं ती वाट त्यांत नाही.

पुढचा क्रम एका पूर्ण दिवसाचा आहे. नोकरीसाठी नुकतेच आलेले आणि आईबाबांना भारतातून बोलावलेले, दोघांनाही तो झेपतो, कारण चालणं जवळजवळ सगळं सपाट किंवा उताराचं आहे.

जवळ काय ठेवाल

- ऑर्का कार्ड. बस, रेल्वे, मोनोरेल आणि फेरीबोट, सगळीकडे हेच चालतं.
- टोपी असलेलं पावसाळी जॅकेट. पाण्याकाठी वारा असतो, छत्री उलटते.
- आतून घालायला एक पातळ स्वेटर, अगदी जुलैमध्येही. फेरीच्या डेकवर लागतोच.
- वापरलेले, सवयीचे बूट. नवे बूट या दिवशी घालू नका.
- पाण्याची बाटली आणि फोनची बॅटरी टिकवणारी पॉवर बँक.
- व्हिसावर आलेल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ची छापील प्रत. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, असा अमेरिकेचा नियम आहे.
- थोडी सुटी नाणी. कशासाठी ते पुढे येईल.

१. आधी दिवस निवडा

जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा सगळ्यांत कोरडा काळ. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणजे थोडं उशिरा निघालात तरी दिवस पुरतो. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आतच मावळतो, तेव्हा हाच कार्यक्रम सकाळी नऊला सुरू करायला हवा. हिवाळ्यातला पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही. तो भुरभुरत राहतो, आणि जॅकेट असेल तर त्यात आरामात चालता येतं. पावसाचा अंदाज बघून बेत रद्द करत बसलात तर नोव्हेंबर ते मार्च घरातच जातील.

दोन गोष्टी मात्र आवर्जून तपासा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जंगलातल्या वणव्यांचा धूर कधीकधी शहरावर उतरतो. हवेची गुणवत्ता वाईट असेल तर आईबाबांना घेऊन चालायला निघू नका, दुसरा दिवस धरा. दुसरी गोष्ट क्रूझची जहाजं. अलास्काला जाणारी ही जहाजं उन्हाळ्यात इथूनच सुटतात, आणि शनिवार-रविवारी त्यांचे प्रवासी आणि स्थानिक लोक एकाच वेळी मार्केटमध्ये असतात. जमलं तर मंगळवार-बुधवार घ्या.

२. गाडी घरी ठेवा

डाउनटाउनमध्ये पार्किंग महाग आहे. शिवाय उभ्या गाडीच्या काचा फोडून सामान नेण्याचे प्रकार होतात. गाडी न्यावीच लागली तर सीटवर काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको.

विमानतळावरून लिंक रेल्वेची १ लाइन साधारण चाळीस मिनिटांत डाउनटाउनला आणते. मोठ्यांचं तिकीट ३ डॉलर, अंतर कितीही असो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. ऑर्का कार्डाने पैसे भरले की दोन तासांच्या आत दुसऱ्या बस किंवा रेल्वेत बदलताना आधीचं भाडं वळतं होतं. कागदी तिकिटाला ही सोय मिळत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांसाठी आलात तरी कार्ड घ्याच. ६५ वर्षांपुढच्यांना सवलतीचं वेगळं ऑर्का कार्ड मिळतं. त्यासाठी वयाचा पुरावा द्यावा लागतो.

लिंकच्या स्थानकांवर फाटकं नाहीत. फलाटावर जाण्यापूर्वी पिवळ्या यंत्राला कार्ड लावायचं असतं, आणि नव्या माणसाचं नेमकं तेच राहून जातं. तपासनीस आत डब्यात येतात.

३. वेस्टलेकहून मोनोरेल, मग स्कल्प्चर पार्क

वेस्टलेक स्थानकात उतरा आणि वर येऊन मोनोरेल पकडा. ती आणि स्पेस नीडल, दोन्ही १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली. दोन मिनिटांत तुम्ही नीडलच्या पायाशी असता. वर जायचं का? आकाश स्वच्छ असेल आणि तिकिटाचा खर्च खुपत नसेल तर जा. ढगाळ दिवशी मात्र पैसे वाया जातात. मी पाहुण्यांना खालूनच दाखवतो आणि वाचलेला तास पुढच्या ठिकाणी घालवतो.

ब्रॉड स्ट्रीटने पाण्याच्या दिशेने उतरत या. दहा-पंधरा मिनिटांत ऑलिम्पिक स्कल्प्चर पार्कचं वरचं टोक लागतं. प्रवेश फुकट. इथे घाई करू नका, माझ्या मते सबंध दिवसातली ही सगळ्यांत समृद्ध जागा आहे.

जानेवारी २००७ मध्ये खुली झालेली ही नऊ एकरांची बाग तेल कंपनीच्या जागेवर आहे. इथे इंधनाच्या टाक्या होत्या, माती तेलाने भिजलेली होती. ती साफ करून, वर नवी माती घालून, एक नागमोडी वाट रस्त्यावरून आणि रेल्वेच्या रुळांवरून उचलत थेट पाण्यापर्यंत नेली आहे. सिॲटल आर्ट म्युझियम ती सांभाळतं. चालताना खालून मालगाडी गेली तर थांबून बघा, ती या बागेचाच भाग वाटते.

क्रमाने काय बघाल:

रिचर्ड सेराचं ‘वेक’ खालच्या अंगणात आहे. गंजलेल्या रंगाच्या पोलादाच्या पाच उंच, वळणदार भिंती. लांबून बघून पुढे जाऊ नका, भिंतींच्या मधून चाला. पावलागणिक भिंत झुकल्यासारखी वाटते, जागा रुंद होते, आवळते. पोलादाला हात लावायचा मोह होतो, पण इथे कुठल्याच शिल्पाला हात लावायचा नाही. हाताच्या तेलाचे डाग त्यावर राहतात. मुलांना आत शिरण्याआधीच सांगून ठेवा.

वरच्या बाजूला अलेक्झांडर काल्डरचा लालभडक ‘ईगल’ आहे, १९७१ चा. त्याच्या पायांमधून स्पेस नीडल दिसते. सगळे फोटो तिथूनच काढतात, आणि काढावा असाच तो आहे.

रुळांवरच्या पुलावर तेरेसिता फर्नांडेझचं रंगीत काचेचं काम आहे. त्यातून शहर आणि गाड्या ढगांच्या रंगात दिसतात. ऊन असेल तर रंग पुलाच्या जमिनीवर उतरतात.

खाली पाण्याजवळ जाउमे प्लेन्साचा ‘एको’ हा पांढरा, डोळे मिटलेला, चौदा मीटर उंचीचा चेहरा आहे. समोरून तो शांत दिसतो. बाजूने गेलात की कुणी दोन्ही तळव्यांत दाबल्यासारखा चपटा होतो. त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय तो कळतच नाही. दक्षिणेच्या टोकाला लुईस बुर्जवाचं ‘फादर अँड सन’ कारंजं आहे. पाणी चढतं तेव्हा कधी वडील झाकले जातात, कधी मुलगा. दोघं एकमेकांना पूर्ण दिसत नाहीत. परदेशात राहणाऱ्या मुलाबाळांनी आईबाबांबरोबर इथे दोन मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

पाय थकले नसतील तर उत्तरेला लागूनच मर्टल एडवर्ड्स पार्क आहे. तिथे मायकल हायझरचे तीन प्रचंड दगड आणि तीन काँक्रीटचे ठोकळे आहेत, १९७६ चे. ही काय कला, असं तुमच्यासोबतचं कुणीतरी म्हणेल. तेव्हाही शहरात यावर बराच वाद झाला होता. १९७३ मध्येच सिॲटलने नियम केला होता की सरकारी बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी बाजूला काढायचा. या शहरात बसथांब्यापासून मॅनहोलच्या झाकणांपर्यंत कला दिसते त्याचं मूळ तिथे आहे. डाउनटाउनच्या काही झाकणांवर तर चक्क शहराचा नकाशा कोरलेला आहे, चालताना खाली लक्ष ठेवा.

एक सापळा: ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला रुळांवरचं फाटक आहे. मालगाडी आली की बराच वेळ उभं राहावं लागतं. बागेच्या पुलावरूनच पलीकडे उतरा.

४. किनाऱ्याने दक्षिणेकडे

इथून पायोनियर स्क्वेअरपर्यंत साधारण अडीच किलोमीटर सपाट चालणं आहे. उजव्या हाताला पाणी ठेवायचं, चुकण्याची शक्यता नाही. सायकलींची लेन वेगळी आहे. फोटो काढताना मागे सरकत तिच्यात जाऊ नका, सायकली वेगात येतात.

चालताना फुटपाथमध्ये बसवलेले काचेचे ठोकळे दिसतील. ते शोभेसाठी नाहीत. सॅमनची पिल्लं काठाकाठाने पोहत समुद्राकडे जातात आणि धक्क्यांखालच्या अंधारात शिरायला बिचकतात. मग ती खोल पाण्यात वळतात आणि मोठ्या माशांच्या तोंडी पडतात. जुनी समुद्रभिंत नव्याने बांधताना तुमच्या पायांखालून उजेड पाण्यात जाईल अशी ही सोय केली. भिंतीचा पृष्ठभागही मुद्दाम खडबडीत ठेवला आहे, म्हणजे त्यावर शेवाळ आणि लहान जीव धरतील.

पिअर (धक्का) ६२ ही मोकळी, रुंद जागा आहे. उन्हाळ्यात इथे कार्यक्रम होतात, एरवी खुर्च्या टाकून लोक बसलेले असतात. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला ऑलिम्पिक पर्वतरांग पूर्ण दिसते. पुढे पिअर ५८, हा २०२५ मध्ये नव्याने खुला झाला. लहान मुलं सोबत असतील तर इथल्या जेलीफिशच्या आकाराच्या खेळण्यावरून ती लवकर उतरणार नाहीत, तेवढा वेळ धरूनच या. त्यापुढे पिअर ५७ वरचं मोठं पाळण्याचं चाक. ते मी घाईत असलो तर सोडतो.

५. मत्स्यालयाखालची फुकट काच, मग मार्केट

पिअर ५८ वरून थोडं मागे वळलात की मत्स्यालयाची नवी इमारत, ओशन पॅव्हिलियन. ऑगस्ट २०२४ मध्ये ती सुरू झाली. आत जायचं तर तिकीट आहे. पण इमारतीच्या बाहेर, छताखाली उभं राहून वर बघा. तिथे एक गोल काच आहे, आणि त्या काचेवर आतल्या मोठ्या टाकीचं पाणी. शार्क आणि रे मासे डोक्यावरून जाताना दिसतात. ही जागा माहीत नसल्याने शेकडो माणसं तिच्याखालून मान खाली घालून निघून जातात.

तिथूनच ओव्हरलुक वॉक वर चढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुली झालेली ही रुंद पायऱ्यांची, झाडांची वाट पाणी आणि पाइक प्लेस मार्केट यांना जोडते. गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्ट आहे, ती विचारून घ्या. ज्येष्ठांना जुन्या खड्या जिन्यांनी नेण्याचं आता काहीच कारण नाही. मत्स्यालयाचं छतही या वाटेचाच भाग आहे. बसायला जागा आहे, डबा आणला असेल तर इथेच उघडा.

मार्केट १९०७ पासून चालू आहे. साठच्या दशकात ते पाडून तिथे मोठ्या इमारती उठवायचा बेत होता. नागरिकांनी १९७१ मध्ये मतदानाने तो हाणून पाडला. आत मासे, फुलं, फळं. जून-जुलैमध्ये पिवळट-लाल रेनियर चेरी आणि ऑगस्टमध्ये पीच नक्की घ्या. विक्रेते बहुधा चव बघायला देतात. शाकाहारी असाल तर सूप घेताना आत क्लॅम (शिंपले) किंवा माशाचा रस्सा आहे का, हे थेट विचारा; नावावरून कळत नाही.

स्टारबक्सच्या रांगेबद्दल: पाइक प्लेसवरचं दुकान फार जुनं आहे हे खरं, पण १९७१ मधलं अगदी पहिलं दुकान वेगळ्या जागी होतं. इथे ते १९७६ मध्ये आलं. कॉफी तीच. तास घालवायचा का, ते ठरवा.

सुटी नाणी आता काढा. मुख्य प्रवेशाशी जॉर्जिया गर्बर यांनी घडवलेली ‘रेचल’ ही कांशाची डुकरीण आहे, सुमारे २५० किलोंची, १९८६ पासून इथेच. ती खरी दानपेटी आहे. त्यातले पैसे मार्केटमधल्या दवाखाना, पाळणाघर, ज्येष्ठांचं केंद्र अशा सेवांना जातात. मुलांना तिच्यावर बसवून फोटो काढता येतो, इथे हात लावायला मनाई नाही.

मार्केटपासून दोन चौक पुढे आर्ट म्युझियमच्या दारात ‘हॅमरिंग मॅन’ हातोडा मारतो आहे, मिनिटाला चार वेळा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, त्यालाही सुट्टी असते.

६. पायोनियर स्क्वेअर, उजेडात

१८८९ च्या आगीनंतर विटांनी उभारलेला हा शहराचा सर्वांत जुना भाग. दुकानं बंद झाली की गल्ल्या सुन्या होतात, म्हणून दुपारी चारच्या आत या. खेळाच्या सामन्यांच्या दिवशी जवळच्या स्टेडियममुळे उलट तुफान गर्दी असते. रस्त्यावर राहणारी माणसं दिसतील. त्यांचे फोटो काढू नका, नजर देऊन पुढे चला.

इथे दोन शिल्पं एकामागोमाग बघा. चौकातला टोटेम पोल, म्हणजे कोरलेला उंच लाकडी खांब, अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांच्या परंपरेतला आहे. मूळ खांब सिॲटलच्या व्यापाऱ्यांनी १८९९ मध्ये त्यांच्या गावातून चोरून आणला होता. १९३८ मध्ये तो जळाला, आणि नवा ट्लिंगिट कारागिरांनीच कोरला. इथल्या मूळच्या डुवामिश आणि सुक्वामिश लोकांशी त्याचा काही संबंध नाही, जरी शहराचं नाव त्यांच्याच प्रमुखाचं असलं तरी. मग किनाऱ्याकडे दोन मिनिटं चालत जा. तिथे प्युयालप जमातीचे शिल्पकार शॉन पीटरसन, म्हणजेच क्वाल्सियस, यांच्या ‘फॅमिली’ या आकृती पाण्याजवळ उभ्या आहेत, याच भागातल्या कोस्ट सेलिश शैलीतल्या. उड्डाणपूल गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत या परंपरेला स्थान मिळालं, हा मला या सगळ्या बदलातला सर्वांत न्याय्य भाग वाटतो.

बसायचं असेल तर वॉटरफॉल गार्डन पार्क शोधा. भिंतींमागे लपलेला २२ फुटी धबधबा आहे, प्रवेश फुकट, पण ते लवकर बंद होतं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आलात तर संध्याकाळी आर्ट वॉक असतो आणि गॅलऱ्या उघड्या राहतात.

७. फेरी, पण गाडीशिवाय

फेरीचा धक्का, कोलमन डॉक, इथून जवळच आहे. बेनब्रिज बेटाची फेरी ३५ मिनिटांची. पायी जाणाऱ्याला आरक्षण लागत नाही. पैसे फक्त सिॲटलहून जाताना द्यावे लागतात, दहा-अकरा डॉलरच्या घरात. परत येताना पायी प्रवाशांकडून काही घेत नाहीत. गाडीने जाणाऱ्यांचा नियम वेगळा आहे, त्यांना दोन्ही बाजूंनी पैसे पडतात आणि रांगेत थांबावं लागतं.

लगेच परतायचं असलं तरी बेनब्रिजला सगळ्यांना उतरावं लागतं, मग पुन्हा चढायचं. जाताना डेकच्या मागच्या टोकाला उभे राहा, येताना पुढच्या. शहर पूर्ण दिसतं, आणि हवा साथ देत असेल तर दक्षिणेला माउंट रेनियरही. बेटावर उतरून वेळ असेल तर धक्क्याजवळचं कला संग्रहालय फुकट आहे.

फेरी आणि ‘क्लिपर’ यांत गल्लत करू नका. क्लिपर पिअर ६९ वरून कॅनडातल्या व्हिक्टोरियाला जाते. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा व्हिसा हवा, अमेरिकेचा पुरत नाही. पाहुणे अमेरिकेच्या व्हिसावर आले असतील तर परत अमेरिकेत शिरण्याचे नियमही आधी तपासा.

८. आणखी एक दिवस असेल तर

६२ क्रमांकाच्या बसने फ्रेमॉन्टला जा. ऑरोरा पुलाखाली खरी फोक्सवॅगन मुठीत धरलेला ‘ट्रोल’ आहे, १९९० चा. त्याच्या अंगावर चढता येतं. तिथून पाण्याकाठी अर्ध्या तासाच्या आत गॅस वर्क्स पार्क. १९५६ मध्ये बंद पडलेल्या गॅस कारखान्याचे गंजलेले मनोरे उद्यान-रचनाकार रिचर्ड हॅग यांनी पाडू दिले नाहीत. १९७५ मध्ये त्यांच्याभोवतीच बाग उघडली. स्कल्प्चर पार्कमध्ये जुनं सगळं पुसून नवं केलं, इथे जुनंच ठेवलं. दोन्ही बघितलीत तर तुलना आपोआप होते. मला गॅस वर्क्स जास्त जवळचं वाटतं.

बॅलार्डची जलद्वारं, म्हणजे चिटेंडन लॉक्स, उन्हाळ्यात ठेवा. जुलै ते सप्टेंबर सॅमन मासे त्यांच्यासाठी बांधलेल्या शिडीतून वर चढतात आणि काचेतून दिसतात. एरवी तिथे फक्त बोटी. व्होलंटियर पार्कला १० नंबरची बस जाते. तिथे इसामु नोगुचींच्या १९६९ च्या ‘ब्लॅक सन’मधल्या भोकातून स्पेस नीडल दिसते, आणि पाण्याच्या टाकीचा जिना चढून वरूनही शहर बघता येतं. स्पेस नीडलसकट शहराचा नेहमीचा फोटो हवा असेल तर क्वीन ॲनच्या टेकडीवरचं केरी पार्क. सकाळी लवकर जा, कारण संध्याकाळी छोट्याशा कठड्यापाशी जागा मिळत नाही, आणि शेजारी लोकांची घरं आहेत, आवाज कमी ठेवा.

बसचे मार्ग आणि फेरीच्या वेळा बदलत राहतात, ऐन वेळी फेऱ्या रद्दही होतात. निघायच्या दिवशी सकाळी एकदा तपासा, आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर बेटावर थांबू नका, तिच्या आधीची धरा.